सहाव्या नळीवरचा श्वास

मनोऱ्यावर चढणाऱ्याने दोन वेळा लिहायच्या, चढल्याची आणि उतरल्याची. नोंदवहीचे रकाने चौदा वर्षांपूर्वी मीच पट्टी धरून आखले. तेव्हापासून शेकडो नोंदी झाल्या आणि त्यांत उतरल्याचा एकच रकाना रिकामा राहिला. तो रिकामा का राहिला आणि अखेर कसा भरला गेला, हे क्रमाने सांगतो.

आधी कामाविषयी. डोंगरापलीकडे धातू वितळवणारा कारखाना आहे. त्याच्या धुराड्यांतून निघालेला गंधकाचा वायू, अमोनिया आणि डोळ्यांना न दिसणारी धूळ वाऱ्याबरोबर आमच्या जंगलावर येते. त्यातले किती पुढे निघून जाते आणि किती पानांवर बसते, ते मोजणे हे आमच्या केंद्राचे काम. पाऊस असला म्हणजे झाडांखाली फनेल लावून पाणी गोळा करता येते. कोरड्या दिवसांत मात्र जे बसते ते गुपचूप बसते. त्यासाठी चाळीस मीटर उंचीचा लोखंडी मनोरा आहे. त्याला सहा टप्पे आणि प्रत्येक टप्प्यावर हवा ओढणारी एक नळी. या नळ्या दीडशे मीटरांवरच्या आमच्या केबिनमध्ये येतात, तेथले पंप त्यांतून हवा ओढतात आणि यंत्र दर मिनिटाला सहाही उंचींवरची हवा पाळीपाळीने तपासते. वर जास्त भरले आणि खाली कमी, तर मधले कुठे गेले? जंगलाने घेतले. मूळ गणित एवढेच. बाकीची चौदा वर्षे त्यातल्या चुका शोधण्यात गेली.

त्यातली पहिली चूक म्हणजे माणूस. हवा किती घुसळली जाते हे कळावे म्हणून यंत्र कार्बन डायऑक्साइडही मोजते, आणि माणूस श्वासागणिक तोच सोडत असतो. कोणी मनोऱ्यावर चढले की त्याच्या श्वासाचा छोटा उंचवटा आलेखावर उठतो. माणूस चढेल तसा तो पहिल्या नळीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर सरकतो. तो अर्धा तास मग गणनेतून वगळावा लागतो. या बाबतीत माझा नियम कडक होता. नोंदवहीत नाव असेल तरच वगळायचे. नाहीतर ज्याला जो आकडा नकोसा होईल तो तो काढून टाकेल, आणि जंगलाऐवजी आमची मर्जी मोजली जाईल.

"काका, तुमच्या मनोऱ्यावर चोर चढतो," गणितवाल्या बाई एका सकाळी म्हणाल्या.

या बाई आठ महिन्यांपूर्वी आमच्याकडे आल्या होत्या. कारखान्याचा धूर जंगलावर कसा बसतो याचे संगणकावर मॉडेल करणे हे त्यांचे काम. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण आकड्यांच्या बाबतीत मला त्यांच्यापुढे हात टेकावे लागत.

"मनोऱ्यावर चोरण्यासारखं आहे काय? हवा?" मी म्हणालो.

"हसण्यावारी नेऊ नका. सोमवारी कंत्राटी माणसं गाळणीचे कागद बदलायला चढतात. त्यांची नोंद आहे, छान. पण दर गुरुवारी, बरोबर दहा वीसला, एक उंचवटा सुरू होतो. मागचे साठ गुरुवार. एकही चुकलेला नाही. इतका वक्तशीर माणूस या केंद्रात एकच आहे."

"मी गुरुवारी रजेवर असतो."

"म्हणून तर संशय!"

पहारेकऱ्याला बोलावले. तो दुखावला. "कुंपणाला कुलूप, किल्ली काकांच्या टेबलाच्या खणात. गुरुवारी मी फाटकासमोर खुर्ची टाकून बसतो. मांजर गेलं तरी माझी मिशी हलते, बाई."

"मग साठ वेळा कशी नाही हलली?"

"कारण कोणी गेलंच नाही!"

तो गेल्यावर बाईंचा स्वर बदलला. "काका, माझं मॉडेल तीन दारांचं आहे. पहिलं दार वरची हवा. ते वारा उघडतो. दुसरं म्हणजे प्रत्येक पानाला चिकटलेला स्थिर हवेचा पापुद्रा. तिथे वारा पोचतच नाही, जे जाईल ते मुंगीच्या पावलानं. तिसरं दार पान स्वतः. आठवडाभर या दारांतून सगळं आत जातं. गुरुवारी तेवढा वेळ उलटं येतं. जंगल श्वास सोडल्यासारखं. नोंद नाही, म्हणून वगळता येत नाही. ठेवलं तर सगळी आकडेवारी संशयास्पद. तीन आठवड्यांनी पाहणी समिती येणार. केंद्राचे साहेब म्हणाले, समितीनं आकडे नाकारले तर मनोरा उतरवतील आणि कारखान्याला रान मोकळं. चौदा वर्षं पाण्यात."

त्यांनी नोंदवहीची पाने मागे उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवले.

"आणि ही नोंद अर्धवट का आहे? चढल्याची वेळ दहा वीस. उतरल्याची वेळच नाही."

मी म्हणालो, "मला एक गुरुवार दाखवा. कोणताही."

त्यांनी आलेख उघडला. पहिल्या नळीवर दहा वीस. दुसरीवर दहा बावीस. तिसरीवर दहा चोवीस. चौथीवर दहा सव्वीस, आणि तेथे उंचवटा चार मिनिटे हललाच नाही. मग पाचवी. दहा चौतीसला सहावी. सहाव्या नळीवर आठ मिनिटे संथ, एकसारखा श्वास. दहा बेचाळीसला रेषा एकदम खाली आली आणि सपाट झाली. त्यानंतर पाचव्या, चौथ्या, कोणत्याही नळीवर काही नव्हते. चढणारा उतरत नव्हता.

चौथ्या टप्प्यावर चार मिनिटे थांबणारा माणूस मला ठाऊक होता. तो माझा मेहुणा, पत्नीचा धाकटा भाऊ. केंद्रात त्याला सगळे खार म्हणत. मनोऱ्यावर तो खरोखर तसाच चढे. मला तो तोंडावर भाऊजी म्हणे आणि पाठीमागे फूटपट्टी. चौथ्या टप्प्यावर झाडांचे शेंडे डोळ्यांच्या रेषेत येतात. तेथे थांबल्याशिवाय त्याला पुढे जाववत नसे.

"भाऊजी, तिथून जंगल म्हणजे नुसती हिरवी चटई. पाय टाकावासा वाटतो."

"टाक. मग तुझ्या बहिणीला मी काय सांगू?"

"सांगा, चढल्याची नोंद आहे, उतरल्याची नाही!"

हे त्याचे नेहमीचे वाक्य होते. चौदा महिन्यांपूर्वीच्या एका गुरुवारी ते खरे झाले. सहाव्या टप्प्यावर, पट्टा नीट अडकवून, फळीवर बसल्या जागी त्याचे हृदय बंद पडले. अग्निशामक दलाच्या माणसांनी त्याला दोरांनी खाली आणले. ते उतरणे नव्हे असे मला वाटले, म्हणून मी रकाना भरला नाही. त्यानंतर मी गुरुवारची रजा मागून घेतली आणि गुरुवार सकाळचे आकडे एकदाही उघडून पाहिले नाहीत.

"या ओळीपुढे शेरा आहे," बाई म्हणाल्या. "'दहा बेचाळीस. सहावी नळी. पंप तपासणे.' अक्षर तुमचं. त्या दिवशी पंप बिघडला होता का?"

"हो," मी म्हणालो.

हे माझे पहिले खोटे. त्याआधी जे होते त्याला खोटे म्हणता आले नसते, इतके ते नीट मोजून-मापून केलेले होते.

त्या गुरुवारी मी याच केबिनमध्ये, याच पडद्यासमोर होतो. दहा बेचाळीसला सहाव्या नळीवरचा उंचवटा सपाट झालेला मी पाहिला. माणूस सहाव्या टप्प्यावर आहे आणि त्याचा श्वास नळीत येत नाही. याचा अर्थ एखाद्या अडाण्यालाही कळला असता. मला कळला तो असा, की पंप बंद पडला. चालू अर्ध्या तासात यंत्राला हात लावायचा नाही, अर्धा तास पुरा होऊ द्यायचा, हा माझाच नियम. बिनतारी संच टेबलावर होता. त्याच्या लहरींनी आकड्यांत काटे उठतात म्हणून गरजेवाचून तो वापरायचा नाही, हाही माझाच. मी शेरा लिहिला आणि अकरा वाजण्याची वाट पाहिली. अठरा मिनिटे. अकराला पंप उघडला, तर तो व्यवस्थित होता. अकरा वाजून तीन मिनिटांनी मी धावत सुटलो.

डॉक्टर म्हणाले होते, "जरा आधी कळलं असतं तर..." आणि वाक्य तेथेच सोडले होते.

पत्नी ते वाक्य विसरली नव्हती. बाईंशी हे बोलणे झाले त्या संध्याकाळी ती भावाच्या जॅकेटचे बटण शिवत बसली होती. ते जॅकेट आता कोणी घालणार नव्हते; तरी बटण सैल झाले की ती शिवे, आणि काही महिन्यांनी ते पुन्हा सैल झालेले असे.

"अहो, तुम्हाला नक्की कधी कळलं हो त्या दिवशी?"

"अकरानंतर. किती वेळा सांगू?"

"सांगायला काही पैसे पडतात का? पुन्हा सांगा."

"अकरा वाजून तीन मिनिटांनी."

हे अक्षरशः खरे होते. कळले अकरा तीनला. दिसले होते दहा बेचाळीसला, पण ते तिने कधी विचारले नव्हते. तिने दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून विश्वास. दुसरा कोणी असता तर म्हटलं असतं, बसला असेल घड्याळ बघत."

पुढच्या गुरुवारी मी रजा घेतली नाही. बाई आणि मी पडद्यासमोर बसलो. पहारेकरी फाटकाशी होता. कुलूप मी स्वतः ओढून पाहिले होते. खिडकीतून मनोरा पायथ्यापासून शेंड्यापर्यंत दिसत होता आणि त्यावर कोणी नव्हते.

दहा वीस. पहिल्या नळीवर उंचवटा आला.

बाईंनी खिडकीकडे पाहिले, पडद्याकडे पाहिले, पुन्हा खिडकीकडे पाहिले. "कुजणारी पानं असतील. जमिनीतून येत असेल," त्या म्हणाल्या.

"जमीन चौथ्या टप्प्यावर चार मिनिटं थांबत नाही, बाई."

तो थांबला. मग वर गेला. सहाव्या नळीवर श्वास येत राहिला. एका श्वासाचा उंचवटा वेगळा दिसत नाही. मिनिटाला एकच ठिपका येतो. असे आठ ठिपके आले. नववा सपाट होता.

माझा हात आपोआप पेनाकडे गेला. पंप तपासणे, असे लिहायला. तो मी मागे ओढला.

"काका, तुम्ही याला ओळखता," बाई हळू म्हणाल्या.

"पुढच्या गुरुवारी मी चढणार आहे," मी म्हणालो. "माझी नोंद आत्ताच करून ठेवा."

"आणि तुमचे दुखरे गुडघे?"

"गुडघे माझेच आहेत. येतील बरोबर."

त्या गुरुवारपर्यंत तीन आठवडे पाऊस नव्हता. सगळ्या झाडांवर राखाडी पापुद्रा चढला होता. कारखान्याकडून मंद वारा होता. मी पट्टा बांधून पायथ्याशी उभा राहिलो आणि दहा वाजून वीस मिनिटांनी पहिल्या शिडीला हात घातला. कोणी पुढे चढत असल्याचा आवाज नव्हता. शिडी मात्र किंचित थरथरत होती, वर कोणाचे तरी वजन असावे तशी. वाऱ्याने लोखंड थरथरते, हे मी नव्या लोकांना नेहमी सांगत आलो आहे.

चौथ्या टप्प्यावर माझा दम गेला आणि मला थांबावे लागले. शेंडे डोळ्यांच्या रेषेत होते. हिरवी चटई राहिली नव्हती. राखेची झाली होती. पण पाय टाकावासा वाटतो, हे खरे होते. मी कठडा दोन्ही हातांनी धरला.

सहाव्या टप्प्यावर पोहोचलो तेव्हा दहा एकोणचाळीस झाले होते. फळीवर धुळीचा सारखा थर होता. सोमवारच्या माणसांचे बूट त्यात स्पष्ट उमटले होते. कठड्याला टेकून बसावे अशा जागी मात्र फळीचा एक तुकडा स्वच्छ होता, बसलेल्या माणसाएवढा. त्याच्यावर काहीही बसले नव्हते. सोमवारच्या बुटांचे ठसे त्याच्या कडेने वळसा घालून गेले होते. माणसे न कळत तसे चालली असावीत.

एकच झाड बाकीच्यांहून उंच, मनोऱ्याच्या शेंड्यापर्यंत वाढले होते आणि त्याची एक फांदी त्या जागेच्या वर आली होती. झाडाची बाकी सगळी पाने हलत होती. तिची हलत नव्हती. बाईंचे दुसरे दार मला आठवले. ज्या पापुद्र्यात वारा पोहोचत नाही, जेथे काही लवकर आत जात नाही आणि बाहेरही येत नाही.

घड्याळात दहा एकेचाळीस होते. मी त्या स्वच्छ जागेशेजारी खाली बसलो. मोठ्याने बोललो, कारण मनात बोलण्याइतका वेळ नव्हता.

"पंप चांगला होता रे. तुझा श्वास थांबलेला मला दिसला होता. मी अकरा वाजायची वाट बघत बसलो. अठरा मिनिटं. आता आलोय. चल, उतर."

दहा बेचाळीस झाले. माझ्या गालाला काहीतरी उबदार लागले, कोणी जवळून सुस्कारा टाकावा तसे. मग त्या फांदीची पाने हलू लागली, आणि त्यांच्यावरची राख त्या स्वच्छ जागेवर पडली.

मी उतरलो. एकदाही वर पाहिले नाही. पायथ्याशी नोंदवहीत माझी वेळ लिहिली, अकरा चौदा, वही काखेत धरली आणि केबिनमध्ये आलो.

बाई उभ्या होत्या. खुर्ची मागे पडली होती. "बोलू नका. आधी हे बघा. चढताना दोन उंचवटे होते. एक पुढे, एक मागे. मागचा तुमचा."

"हो."

"तुम्ही खाली आलात. तुमचा उंचवटा गेला." त्यांनी पडद्यावर बोट ठेवले. "मग हा कोणाचा?"

चौथ्या नळीवर एक ठिपका उंच होता. पुढच्या मिनिटाला पुन्हा. त्याच्या पुढच्या मिनिटाला पुन्हा. आम्ही दोघे मोजत होतो. चार मिनिटे. खिडकीबाहेर मनोरा रिकामा होता. मग तिसरी नळी. दुसरी. अकरा सव्वीसला पहिली.

त्यानंतर सगळ्या रेषा सपाट झाल्या.

"गेला?" बाईंनी विचारले.

"पहिल्या नळीखाली नळी नाही," मी म्हणालो.

आम्ही दोघांनीही दाराकडे पाहिले. मनोऱ्यापासून केबिनपर्यंत दीडशे मीटर. चालत दोन मिनिटे लागतात. दोन मिनिटे झाली, तीन झाली. बाहेर पहारेकरी खोकला आणि त्याने खुर्ची सरकवली. कोणाला तरी वाट द्यावी तशी.

मी नोंदवहीतली त्याची जुनी ओळ उघडली. चढणाऱ्याला लिहिता आली नाही तर वेळ पाहणाऱ्याने लिहायची असते, आणि मी पाहिली होती. उतरल्याच्या रकान्यात लिहिले: अकरा सव्वीस. त्यापुढे आजची तारीख घातली. मग 'पंप तपासणे' या शब्दांवर पट्टी धरून एक सरळ रेघ मारली आणि खाली लिहिले: 'पंप चालू होता. माणसाचा श्वास थांबला होता. मी ते पाहिले आणि अठरा मिनिटे थांबलो.' सही केली.

बाईंनी वाचले. "काका, हे समितीला दिसेल."

"दिसावं म्हणूनच लिहिलंय."

"तुम्हाला इथे ठेवणार नाहीत. शिवाय या नोंदीनं साठ गुरुवार वगळायचे म्हणजे... ते मान्य तरी करतील का?"

"माणूस वर होता. नोंद आहे. मान्य करायचं की नाही, ते त्यांनी ठरवावं."

"आणि मी काय सांगू त्यांना?"

"तुम्ही आलेख दाखवा. आलेखाला कोणी उलटं विचारत नाही."

त्या हसल्या नाहीत. नोंदवही त्यांनी मिटली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरली.

मी दुपारी बाराच्या सुमारास घरी पोहोचलो. गुरुवारी मी कामाला गेलो याचेच पत्नीला नवल वाटत होते. तिने चहा टाकायला घेतला. मी तिला बसायला सांगितले आणि दहा वीसपासून सगळे क्रमाने सांगितले. दहा बेचाळीस मात्र दोनदा सांगितले.

ओट्यावर पाणी उकळून आटत चालले होते.

"अठरा मिनिटं काय करत होतात?"

"घड्याळ बघत होतो."

तिने मान हलवली, बाजारात वजन बरोबर असल्याचे पाहून हलवावी तशी. मग उठून गॅस बंद केला. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "यापुढे मला वेळ सांगायची नाही. कशाचीच. मी विचारली तरी."

"बरं."

"आणि आज तो उतरला म्हणता."

"अकरा सव्वीसला. पहिल्या नळीपर्यंत. त्याच्या खाली मोजायला काही नाही."

"तिथून इथवर चालत यायला त्याला सव्वा तास लागायचा," ती म्हणाली. "बसनं कधी आला नाही. वाट बघत उभं राहणं जमायचंच नाही त्याला."

ती पुढच्या दाराकडे गेली. येताना मी लावलेली कडी तिने काढली आणि दार भिंतीला टेकेपर्यंत उघडले. जॅकेट खुंटीवरून काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवले. मग ती माझ्यापासून दूरच्या खुर्चीवर बसली.

रस्त्यावर कोणी नव्हते. दाराचा पडदा आत येत होता आणि बाहेर जात होता, संथ, एकसारखा. घड्याळ माझ्या डोक्यामागच्या भिंतीवर होते. मी मान वळवली नाही.